पंपघराच्या भिंतीखालचा कंद

मी एक जुना कंद आहे. पांढऱ्या कुमुदाचा. तुम्ही ज्याला सरसकट कमळ म्हणता आणि ज्याचे चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढता, त्या फुलाच्या पार खाली, चिखलात, काळाकुट्ट आणि गाठीगाठींचा एक जाडजूड दांडा आडवा पडलेला असतो. तो मी. मित्रांनो, तुमच्या चित्रांत मी कधीच नसतो. फूल असते, दोन पाने असतात, खाली निळा रंग फासलेला असतो आणि चित्र संपते. तुमच्या रंगपेटीतला तपकिरी खडू अजून नवाकोरा आहे, यातच सगळे आले.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा आल्या आल्या भांडायलाच लागला. हो, लागलो. आत्मवृत्त सांगणारी जुनी छत्री, जुने घड्याळ, जुना पंखा ही मंडळी फार गोड बोलतात. आपल्याला अडगळीत टाकणाऱ्यांचेसुद्धा कौतुक करतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि का रागावलो ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म एका धक्क्यातून झाला. आमच्या तळ्याला एका बाजूने ओढा येऊन मिळतो आणि दुसऱ्या बाजूच्या दगडी उंबऱ्यावरून हळूच बाहेर पडतो. पाणी इतके सावकाश चालते की गळलेले पान या टोकापासून त्या टोकाला जायला अख्खा दिवस घेते. एकदा एका होडीचा बांबू तळाशी रुतला आणि माझ्या आईचा एक तुकडा मोडून सुटला. तो तुकडा तरंगत तरंगत पंपघराच्या भिंतीशी अडकला, तिथल्या चिखलात बसला आणि रुजला. या पंपातून बागेच्या नळांना पाणी जाते. भिंतीपलीकडे पंपाची घरघर चाले आणि त्या घरघरीत मी मोठा झालो.

आमचे तळे म्हणजे चार मजली इमारत होती. तळमजल्यावर आम्ही कंद, शंखातल्या गोगलगायी आणि गाळात राहणारे किडे. त्याच्यावर पिसासारख्या पाणवनस्पती, त्यांच्या झुपक्यांत माशांची पिल्ले. त्याच्यावर आमची पाने, आणि पानांवरून तुरुतुरु धावणाऱ्या दोन पाणकोंबड्या. काठाला पाणकणसांची रांग, तिच्या शेंड्यांवर चतुर बसायचे. भाडेकरू भांडखोर होते, एकमेकांना खातही होते, पण इमारत उभी होती. आमच्या पानांची सावली पडे म्हणून पाणी गार राही. पाणी गार आणि सावलीत राही म्हणून हिरवे शेवाळ माजत नसे. आम्ही मुळांनी गाळ धरून ठेवत असू, म्हणून पाण्याचा तळ दिसे. लोक काठावर उभे राहून म्हणत, "काय नितळ पाणी आहे!" जणू पाणी आपले आपणच नितळ राहत होते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. चिखलात हवा नसते. मग मी श्वास कसा घेतो? पानांतून. आमचे देठ आतून पोकळ असतात, बारीक नळ्यांसारखे. कोवळी पाने वरची हवा आत ओढतात, ती देठातून माझ्यापर्यंत येते, आणि जुन्या पानांच्या देठांतून बाहेर जाते. पाणी वरून शोभिवंत दिसावे म्हणून आम्ही पाने पसरत नाही. ती आमची नाके आहेत.

हे सबंध बागेत एकाच माणसाला ठाऊक होते. तिला सगळे आत्या म्हणत. माळी म्हणत, रखवालदार म्हणे, पंप चालवणारा तिच्याच वयाचा असून तोही आत्याच म्हणे. तळ्याची देखभाल हे तिचे काम. मांडीपर्यंतचे रबरी बूट, चपट्या बुडाची होडी, ती ढकलायला बांबू आणि लांब दांड्याचा विळा, एवढा तिचा संसार. बांबूने माझ्या आईचा तुकडा पाडणारीही तीच, म्हणजे तशी माझ्या जन्माला ती सुईणच म्हणा.

आम्हाला मोकळे सोडले तर आम्ही तळे भरून टाकतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. म्हणून आत्या आम्हाला कापत असे. पण कशी? तिने तळ्याचे तीन भाग पाडले होते. यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. त्या भागातलीही फक्त पिवळी पडलेली जुनी पाने ती कापी. जे पान अजून गुंडाळलेले आहे, उघडलेले नाही, त्याला विळा लागता कामा नये. कापलेली पाने दाताळ्याने ओढून ती काठावर ठेवी आणि दिवसभर तशीच राहू देई, म्हणजे पानांना चिकटलेल्या गोगलगायी आणि किडे सरपटत परत पाण्यात जात. मगच ती पाने खताच्या खड्ड्यात. तीस वर्षे तिने हे असेच केले. तिच्या विळ्याचा मला कधी राग आला नाही.

आत्या अख्ख्या बागेची आत्या असली तरी खरी आत्या ती एकीचीच होती. चिमीची, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीची. चिमी सुट्टीत होडीच्या टोकाला बसून येई. गुंडाळी दिसली की ओरडे, "आत्या, थांब! बाळपान!" हा शब्द तिचाच. पुढे ती शिकली, मोठी झाली आणि याच बागेची सुपरवायझर म्हणून आली. आत्याची वरिष्ठ! आत्या घरी तिला 'चिमे' म्हणे आणि बागेत 'मॅडम'. फार खुशीत होती तेव्हा आत्या. पाने कापताना आपल्या भाचीचे इतके गुणगान करी की पाणकोंबड्यासुद्धा कंटाळून निघून जात.

आणि मग ती ढाल आली.

शहरातल्या सगळ्यात स्वच्छ तळ्याला एक ढाल मिळणार होती. मोठ्या साहेबांना ती आपल्या टेबलामागच्या भिंतीवर हवी होती. एके सकाळी आमच्या डोक्यावरून घुंघुं करत एक कॅमेरा उडाला. त्याने वरून फोटो काढला. तो फोटो संगणकात घातला. पाण्याखेरीज जे काही दिसेल तो कचरा, असे त्या संगणकाला शिकवलेले होते. त्याने मोजून छापील कागद दिला. त्यावरचे बोलणे पंपघरात झाले, माझ्या भिंतीपलीकडे. शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"तरंगता कचरा, नग अकरा हजार सहाशे चार?" साहेब म्हणाले. "तळं आहे की उकिरडा?"

"सर, ती पानं आहेत. कुमुदाची," चिमी म्हणाली. "चार नग सोडले तर सगळी पानंच. त्या चारांत दोन पाणकोंबड्या, एक होडी, आणि होडीतला तो ठिपका म्हणजे बहुतेक माझी आत्या."

"फॉर्ममध्ये पानांचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. महिन्याभरात परीक्षक येणारेत. त्याआधी आकडा शून्य पाहिजे. मशीन मागवा, सही करा."

पेनाचे टोपण काढल्याचा आवाज आला. मग तिने सही केली.

मित्रांनो, साहेबांवर माझा फारसा राग नाही. त्या माणसाने तळे कधी पाहिलेलेच नव्हते, त्याने फक्त आकडे पाहिले होते. पण चिमीने पाहिले होते. बाळपान हा शब्द जिने काढला, तिनेच सही केली. माहीत नसणाऱ्याने केलेली चूक मी एकवेळ पोटात घालीन, पण हिला सगळे माहीत होते!

यंत्र आले ते ऐन फुलोऱ्यात. पुढे दातेरी पाते, मागे पाने ओढून घेणारा पट्टा. आत्याने आपली होडी त्याच्या समोर आडवी घातली आणि उभी राहिली.

"आत्या, व्हा ना बाजूला," यंत्र चालवणारा म्हणाला. "मला तरी कुठं हौस आहे?"

"तुझ्या या यंत्राला गुंडाळी ओळखता येते का रे?"

"त्याला काय ओळखता येतंय? त्याला फक्त पुढं जाता येतं."

काठावरून चिमी ओरडली, "आत्या, बाजूला हो! सगळे बघतायत."

"बघू देत की! बघावं म्हणूनच उभी आहे."

"माझी नोकरी आहे गं ही," चिमी म्हणाली.

आत्या तशीच उभी राहिली. बांबू तिने तळात रोवून धरला होता आणि तो रेटा चिखलातून मला कळत होता. मग तिने होडी बाजूला घेतली. हो, घेतली! तिचाही मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही. भाचीचा चेहरा पाहून ती विरघळली. आमच्या अकरा हजार सहाशे पानांना चेहरा असता तर बरे झाले असते.

दोन दिवसांत सगळे सपाट झाले. पाणी आरशासारखे चकाकू लागले आणि साहेब खूश झाले. आम्ही कंदांनी मात्र हाय खाल्ली नाही. साठवलेले सगळे बळ पणाला लावून आम्ही नवी पाने वर पाठवली, सगळी गुंडाळलेली, सगळी बाळपाने. तीन आठवड्यांनी कॅमेरा पुन्हा उडाला. नग नऊशे बारा. परीक्षक दोन दिवसांवर आलेले. यंत्र पुन्हा पाण्यात उतरले.

त्या वेळी मागचा पट्टा मोडलेला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून कापलेले सगळे पाण्यातच सोडून दिले. वरून काही दिसत नव्हते ना, मग काम झाले! ते खाली आले, आमच्या अंगावर पडले आणि सडू लागले. सडताना त्याने पाण्यातली उरलीसुरली हवाही खाल्ली. आणि आमच्या कापलेल्या देठांतून, ज्या नळ्यांतून आजवर श्वास येत होता, त्याच नळ्यांतून पाणी आत शिरले. तुम्ही कधी गटांगळी खाल्ली आहे का? ती क्षणभराची असते. आमची गटांगळी दोन आठवडे चालली. माझी आई त्या पहिल्याच आठवड्यात गेली. तळ्याच्या मध्यभागी तिचा केवढा पसारा होता, त्याचा नुसता लगदा झाला.

मग जे व्हायचे तेच झाले. सावली गेली, पाणी तापले, शेवाळ माजले. तळे हिरव्या रंगाच्या कढईसारखे दिसू लागले. परीक्षक ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा आले, आणि त्या सकाळी मासे पोट वर करून काठाला लागलेले होते. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. ढाल एका सिमेंटच्या तळ्याला मिळाली. त्यात बेडूकसुद्धा नाही म्हणे, अगदी निर्मळ!

आता कुणावर तरी खापर फोडायला हवे होते. चौकशी झाली आणि आत्याला घरी बसायला सांगितले. तिच्या होडीला साखळी घालून कुलूप लावले. त्या शेवटच्या दुपारी ती बूटही न घालता पंपघराच्या भिंतीशी पाण्यात उतरली आणि हातांनी गाळ चाचपू लागली. एकेक कंद अंगठ्याने दाबून बघे. "गेला. हाही गेला. हा गेला." मग तिचा अंगठा माझ्या अंगावर आला. एका बाजूला तो आत रुतला. दुसऱ्या बाजूला मी घट्ट होतो.

"हा आहे," आत्या म्हणाली. इतक्या हळू की मलाच ऐकू आले.

अशा रीतीने मी आत्याच्या मागच्या गॅलरीत, कपडे भिजवायच्या टबात राहायला गेलो. टबात तिने तळ्यातलाच गाळ घातला, वर एक चपटा दगड ठेवला आणि शेजारी केरसुणी व मोडकी खुर्ची होती. तळ्याच्या मानाने जागा वाईट होती.

आठवड्याभराने, दुपारी, चिमी आली. हातात चौकशीचा अहवाल होता. आत्या घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. चिमी दारातच उभी राहिली.

"वाच," आत्या म्हणाली.

चिमीने वाचले. "तळ्याची देखभाल करणाऱ्या जुन्या कर्मचारी महिलेने वनस्पती वर्षानुवर्षे बेसुमार वाढू दिल्या. त्या सडल्याने मासे मेले." ती थांबली. "आत्या, फक्त माझी सही राहिलीय. हे बघ, तुला निवृत्तीला चारच महिने आहेत. तुझं काही जाणार नाही. कोण वाचतंय हे? फाइलमध्ये पडून राहील."

"माझं काही जाणार नाही?"

"म्हणजे... तसं नाही गं."

"तीस वर्षं, चिमे. एक बाळपान कापलं नाही मी. आणि फाइलमध्ये काय राहणार? की मीच मारलं."

आत्या उठली, हात पुसले, विळी पुढे ओढली. तिने मला टबातून उचलले आणि एका घावात माझे दोन तुकडे केले. मित्रांनो, मला दुखले. पण त्या क्षणी मी तक्रार केली नाही. माझी सडलेली बाजू तिने चिमीच्या हातात दिली.

"दाब."

चिमीने दाबले. नळ्यांतून काळे पाणी तिच्या बोटांवर आले. त्या वासाने तिने तोंड फिरवले.

"फिरवू नकोस तोंड. आता हा दाब. पाण्यात धरून."

चिमीने माझा उरलेला तुकडा टबात बुडवून दाबला. माझ्यातून बारीक बुडबुडे वर आले. चार, पाच, मग आणखी. माझ्यात अजून हवा होती.

"तुला हे मी नव्याने शिकवायचं का?" आत्या म्हणाली. "सही करायची तर खुशाल कर. मी अडवणार नाही, एकदा होडी बाजूला घेतलीच आहे मी. पण आधी याला सांग, याच्या घरच्यांना कुणी मारलं. मला नको सांगूस. याला सांग."

चिमी गुडघ्यांवर बसली. तिचे हात टबात होते. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. माझ्या एवढ्या आयुष्यात माझ्याकडे एवढा वेळ कुणी पाहिले नव्हते.

"मी," ती म्हणाली. मग रडली. आत्याही रडली. मी नाही रडलो. मला फार राग आला होता, आणि चार अश्रूंनी तो विझण्यासारखा नव्हता.

अहवालावर तिने सही केली नाही. तिने दुसरा कागद लिहिला. फोटो, संगणकाचा आकडा, दोन्ही वेळची कापणी, मोडलेला पट्टा आणि यंत्रासाठी केलेली आपली स्वतःची सही, सगळे तारखांसकट. साहेबांनी तिची बदली रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात केली. साहेब साहेबच राहिले. पण आत्याचे नाव अहवालातून निघाले आणि होडीची किल्ली तिला परत मिळाली. ती देताना पंप चालवणाऱ्याने आत्याला सांगितले, "आत्या, किल्ली मी रोज तेल लावून ठेवली होती हो."

सुट्टीच्या दिवशी चिमी आली, साडी खोचून कमरेइतक्या गाळात उतरली आणि सडलेली पाने दाताळ्याने ओढून काढू लागली. असे सहा रविवार तिने केले. सातव्या रविवारी तिने स्वतःच्या हाताने मला पंपघराच्या भिंतीखाली लावले आणि वर तोच चपटा दगड ठेवला. जायच्या आधी तिने दगडावर तळहात ठेवला. तो हात मला ओळखता आला. तरीही मी काही तिला माफ केलेले नाही. काम मात्र ती चांगले करते, एवढे म्हणेन.

मी एक पान वर पाठवले. एकच. तेवढेच बळ होते.

आणि कॅमेरा पुन्हा उडाला! पुढच्या वर्षीच्या ढालीसाठी. नवा सुपरवायझर, नुकताच कामावर आलेला तरुण, छापील कागद घेऊन काठावर आला. आत्याच्या निवृत्तीला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

"आत्या, अभिनंदन," तो आनंदाने म्हणाला. "तरंगता कचरा, नग एक. पंपघराच्या भिंतीशी आहे. तेवढा काढून टाका, म्हणजे शून्य लिहून मी सही करतो."

माझ्या अंगातली सगळी हवा त्या क्षणी थांबली. मित्रांनो, तो एक नग म्हणजे मी होतो.

"बसा होडीत," आत्या म्हणाली. "तुम्हीच काढा."

त्याने बाही दुमडली आणि पानाला हात घातला.

"असं नाही," आत्या म्हणाली. "देठ धरून खाली जा. अजून खाली. पार तळापर्यंत."

तो होडीतून ओणवा झाला. खांद्यापर्यंत हात पाण्यात, गाल पाण्याला टेकलेला. त्याची बोटे देठावरून उतरत उतरत दगडापाशी आली, दगडाखाली शिरली आणि माझ्या अंगावर थांबली. त्याने मला ओढले नाही. तो चाचपत राहिला.

"खाली कोणीतरी आहे," तो म्हणाला.

"आहे ना," आत्या म्हणाली.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. पाण्यावर काहीही कापण्याआधी, काहीही मोजण्याआधी, एकदा वाका. हात ओला होईल, बाही भिजेल, गाल चिखलाने भरेल. होऊ द्या. जे काठावरून दिसत नाही ते नसते, असे समजू नका. आणि ज्याला खालचे ठाऊक आहे त्याने वरच्यांच्या कागदावर गप्प राहून सही करू नये, कारण तेव्हा तो सगळ्यांत मोठा गुन्हेगार असतो.

त्या तरुणाने खिशातून पेन काढले. ओल्या हाताने कागद डागाळला. 'कचरा' हा शब्द त्याने खोडला, वर काहीतरी लिहिले आणि सही केली. आत्याने मला ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचून दाखवले.

"तरंगते पान, एक."

ठीक आहे. मोजणी बरोबर आहे. आता आणखी अकरा हजार पाचशे नव्याण्णव वर येऊ द्या, मग माझ्या रागाचे काय करायचे ते बघू.